व्हिसाचा शिक्का आणि आय-९४ची तारीख : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात करायच्या कामांची यादी प्रत्येकाला कोणी ना कोणी देतेच. सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँकेचे खाते, फोन, भाड्याचे घर ही कामे तिच्यात असतात; पण आय-९४ची नोंद तपासण्याचे काम त्या यादीत मी क्वचितच पाहिले आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तुम्हाला नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत राहू दिले आहे, हे त्या नोंदीत असते. पूर्वी तिचा छोटा पांढरा कागद पासपोर्टला टाचून मिळत असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद संगणकावर होते आणि ती सीबीपीच्या (सीमेवर प्रवेश तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावरून स्वतःच उतरवून घ्यावी लागते. कोणी ती हातात देत नाही, म्हणून बरेच जण ती वर्षानुवर्षे पाहतच नाहीत.

मी न्यू जर्सीत येऊन आता वीस वर्षे होत आली. या काळात ओळखीच्या मराठी कुटुंबांवर आलेल्या इमिग्रेशनच्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणी शिक्का आणि आय-९४ यांतला फरक न कळल्यामुळे आलेल्या मी पाहिल्या आहेत. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का तुम्हाला देशाच्या दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचे ते आय-९४ ठरवते. त्यामुळे शिक्क्याची मुदत संपली तरी आय-९४ चालू असेल तर तुमचे येथील राहणे कायदेशीरच असते. उलट शिक्का आणखी आठ वर्षे चालणारा असला आणि आय-९४ची तारीख काल उलटून गेली असली, तर आजपासून तुम्ही मुदत ओलांडलेले ठरता.

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. २०१५ साली धाकट्या भावाच्या लग्नाहून पुण्याहून परतलो, तेव्हा माझ्या एच-१बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीने केलेली, याचिका २०१७ पर्यंत मंजूर होती, पण पासपोर्ट पुढच्या एप्रिलमध्ये संपणार होता. अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिला आणि मी तो पाहिला नाही. मंजुरीचा कागद घरात होता, त्यावर २०१७ लिहिलेले होते, मग पाहायचे कशाला, असा माझा हिशेब होता. फेब्रुवारीत वाहन परवान्याचे नूतनीकरण करायला गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी परवाना फक्त दोन महिन्यांचा दिला आणि कारण विचारल्यावर पडद्यावरची तारीख दाखवली. मंजुरीच्या कागदानंतर देशात पुन्हा प्रवेश झाला असेल, तर त्या शेवटच्या प्रवेशाच्या वेळी मिळालेली तारीखच चालते, हे मला त्या दिवशी कळले. कंपनीच्या वकिलाने मुदतीच्या आत अर्ज भरला आणि प्रकरण निभावले. परवाना त्या वर्षी संपत नसता, तर मी बेकायदा राहत असल्याचे मला कित्येक महिने कळलेही नसते. तेव्हा प्रत्येक प्रवासानंतर आय-९४ उतरवून त्याची प्रत ठेवावी, आणि भारतात जाण्यापूर्वी पासपोर्टची मुदत दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर तो आधी नवा करून घ्यावा.

आई-वडिलांच्या बाबतीत ही चूक अधिक सहज होते, कारण त्यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा बी-१/बी-२ (भेटीसाठी येणाऱ्यांच्या व्हिसाचा) शिक्का असतो आणि त्यामुळे ‘दहा वर्षांचा व्हिसा मिळाला’ असेच सगळे बोलतात. प्रत्यक्षात प्रत्येक भेटीत बहुधा सहा महिनेच मिळतात. सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी आलेली आई बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की पाळणाघराची सोय होईपर्यंत थांबते आणि तारीख जवळ येते. मुदत वाढवण्यासाठी आय-५३९ हा अर्ज येथूनच करता येतो, आणि तो मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी करावा अशी यूएससीआयएसची, म्हणजे असे अर्ज निकाली काढणाऱ्या सरकारी खात्याची, सूचना आहे. वेळेत केलेला अर्ज विचाराधीन असेपर्यंत ते दिवस बेकायदा वास्तव्यात धरले जात नाहीत. मात्र अर्ज नामंजूर झाला, तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. म्हणून निकाल यायच्या आधीच, मागितलेल्या मुदतीच्या आत परत जाणे मी केव्हाही शहाणपणाचे मानतो. अशा वेळी अर्जाच्या पावतीची प्रत आई-वडिलांच्या पासपोर्टबरोबर कायमची ठेवावी, कारण आय-९४ची तारीख उलटल्यावर ते का गेले, याचा पुढच्या वेळी दाखवता येईल असा तोच पुरावा असतो. आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. परतीचे तिकीट आय-९४च्या शेवटच्या दिवसाचे कधीही काढू नये. रात्रीचे विमान रद्द झाले की तारीख उलटते, आणि मग विमान कंपनीचे पत्र मिळवून ते सांभाळत बसावे लागते.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, आलेल्या पती-पत्नींसाठीही एक इशारा आहे. कंपनी भरते ती नोकरी करणाऱ्याची याचिका. जोडीदाराची आणि मुलांची मुदतवाढ हा वेगळा अर्ज असतो. काही कंपन्या तोही भरतात, काही भरत नाहीत, आणि ‘तुमचे काम झाले’ हा निरोप ऐकून घरातील सगळ्यांचेच काम झाले असे मानले जाते. माझ्या परिचयातील एका घरी ही चूक अकरा महिन्यांनी उघडकीस आली, तीही एच-४च्या आधारे काम करण्याचा परवाना मागताना. नोकरी करणारा नियमात होता, दोन्ही मुले अठरा वर्षांखालील असल्यामुळे त्यांच्या नावावर बेकायदा वास्तव्याचे दिवस चढले नव्हते, आणि पत्नीच्या नावावर मात्र तीनशेहून अधिक दिवस चढले होते.

त्या दिवसांना एवढे महत्त्व का, हे नीट समजून घ्यावे. १९९६ साली अमेरिकी संसदेने केलेला आणि एप्रिल १९९७ पासून लागू झालेला नियम असा आहे : १८० दिवसांपेक्षा अधिक, पण एक वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून जो देश सोडतो, त्याला तीन वर्षे परत येता येत नाही, एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहून जो जातो, त्याला दहा वर्षे. ही बंदी राहिल्याने लागू होत नाही, देश सोडताच लागू होते. ‘आता भारतात जाऊन नव्याने शिक्का घेऊ आणि सगळे सरळ करून येऊ’ हा सद्भावनेने घेतलेला निर्णयच अशा वेळी माणसाला कित्येक वर्षे बाहेर ठेवतो. सव्वाशे-दीडशे दिवस झाले असतील तर लगेच निघणे बहुधा योग्य असते. दोनशे झाले असतील तर तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला गाठले पाहिजे. असाधारण कारणाने अर्ज उशिरा झाला असेल, तर तो मागील तारखेपासून मान्य करण्याचा अधिकार यूएससीआयएसला आहे, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे आणि देशात असतानाच मागावा लागतो. वर सांगितलेल्या घरी हाच मार्ग घेतला आणि तो यशस्वी झाला, परंतु त्या निकालापर्यंतच्या महिन्यांत त्या बाईंना स्वतःच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणातही जाता आले नाही.

१८० दिवसांखालील चूक निरुपद्रवी असते, असेही नाही. आय-९४ची तारीख एका दिवसाने ओलांडली तरी ज्या शिक्क्यावर प्रवेश केला तो कायद्याने आपोआप रद्द होतो, आणि त्यानंतरचा शिक्का सर्वसाधारणपणे स्वतःच्या देशातच मागावा लागतो. व्हिसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जात (डीएस-१६०) पूर्वी मुदत ओलांडली होती का, असा प्रश्न असतो. त्याला खरे उत्तर द्यावे. मुदत ओलांडल्याची शिक्षा मोजून तीन किंवा दहा वर्षांची असते, खोटे बोलल्याची मात्र आयुष्यभराची असू शकते.

एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्यांच्या आय-९४वर तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे नियमांनुसार शिक्षण चालू आहे तोवर राहण्याची परवानगी. तुमच्या नोंदीवर अक्षरे आहेत की तारीख, ते पाहून घ्या, कारण ही पद्धत बदलून ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडला आहे.

आता दुसऱ्या संकटाकडे, म्हणजे शिक्क्यासाठी भारतात जाऊन तेथेच अडकण्याकडे वळतो. गणपतीला किंवा डिसेंबरच्या लग्नसराईत जायचे आणि त्याच खेपेत वांद्रे-कुर्ला संकुलात शिक्का उरकून यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मुलाखतीशिवाय पेटीत कागद टाकून शिक्का मिळत होता तोवर ती निभावत होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत बहुतेकांसाठी बंद झाली. त्याच महिन्यात शिक्का स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मागावा, अशी सूचना निघाल्याने तिसऱ्या देशात जाऊन काम उरकण्याची वाटही अरुंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातील अनेकांच्या डिसेंबरच्या मुलाखती थेट मार्चवर आणि त्यापुढे गेल्या. तीन आठवड्यांच्या रजेवर गेलेली माणसे महिनोन्‌महिने सासर-माहेरी बसून राहिली.

मुलाखत झाल्यावरही २२१(जी) नावाची चिठ्ठी हातात पडू शकते. तिचा अर्थ कागद अपुरे आहेत किंवा अधिक तपासणी करायची आहे, एवढाच असतो. संकेतस्थळावर मात्र ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसतो आणि घरात सुतकी कळा येते. मीही एकदा सात आठवडे त्या शब्दाकडे रोज सकाळी पाहत बसलो आहे. तुमचे क्षेत्र संशोधनाचे किंवा प्रगत तंत्रज्ञानाचे असेल, तर कामाचे सोप्या भाषेतील वर्णन, प्रकाशनांची यादी आणि क्लायंटचे पत्र मुलाखतीलाच घेऊन जावे.

या अडकण्याचा खर्च मोठा असतो. घरभाडे चालू राहते, मुलांची शाळा बुडते, भारतातून काम करण्याची परवानगी प्रत्येक कंपनी देतेच असे नाही आणि क्लायंट तर बहुधा देतच नाही. पण यातील एकही दिवस बेकायदा वास्तव्यात धरला जात नाही. उलट देशाबाहेर काढलेले पूर्ण दिवस एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेतून वगळून परत मागता येतात; त्यासाठी बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे ये-जा केल्याचे शिक्के जपावेत. माझे म्हणणे इतकेच आहे, की बाहेर अडकण्याच्या भीतीने आत मुदत ओलांडण्याचा विचार कोणीही करू नये. बाहेर बसून नोकरी गेली तर दुसरी मिळेल, आत दिवस चढले तर दुसरी नोकरी घेऊनही येता येणार नाही. नोकरी येथे असतानाच गेली, तर एच-१बीवाल्याला कमाल साठ दिवस मिळतात, तेही आय-९४ त्याआधी संपत नसेल तर. तेवढ्यात नवी याचिका दाखल होणार नसेल, तर व्हिसाच्या दुसऱ्या वर्गासाठी वेळेत अर्ज करावा किंवा निघावे.

शिक्का संपलेला असेल आणि याचिका चालू असेल, तर जाणे खरोखर आवश्यक आहे का, हे आधी ठरवावे. नुसता शिक्का संपला म्हणून कोणालाही जावे लागत नाही. ज्यांचा एफ-१ वरून एच-१बीवर बदलाचा अर्ज विचाराधीन आहे, त्यांनी तर निकालापूर्वी देशाबाहेर पाऊलही टाकू नये. निघालात की बदलाची मागणी सोडून दिली असे मानले जाते. त्यातच सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी याचिकांवर एक लाख डॉलर शुल्क लावले, आणि निकालापूर्वी बाहेर गेलेल्यांनाही ते लागू होते, असा यूएससीआयएसने त्याचा अर्थ लावला. ही घोषणा निघाली तेव्हा तिला बारा महिन्यांची मुदत होती. तुम्ही निघाल त्या दिवशी ती कोणत्या स्थितीत आहे, हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी विचारून घ्या.

जायचेच ठरले, तर मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि काढाल ते तारीख बदलता येणारे काढा. भारतातून किती दिवस काम करता येईल, याचे कंपनीचे पत्र निघण्यापूर्वी घ्या. याचिकेची मूळ मंजुरी, अलीकडच्या पगारपावत्या आणि करविवरणे बरोबर असू द्यात. त्यांच्या प्रती येथे विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. घराची किल्लीही त्याच माणसाकडे द्या. गाडी दोन महिने एका जागी उभी राहिली तर बॅटरी उतरते, आणि भाडे थकले तर घरमालक थांबत नाही.