इंटिरियर डिझायनर नेमताना थ्रीडी चित्राआधी कोटेशन वाचा

थ्रीडी चित्र पाहून डिझायनर ठरवू नका. चित्रात प्लायची जात दिसत नाही, बिजागरी दिसत नाही, आणि पुढची भांडणं नेमकी त्यांच्यावरूनच होतात.

आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही. म्हणून जुनं काम पाहणं हीच खरी पारख. नुकतं सजवलेलं घर नको, निदान दोन पावसाळे काढलेलं बघा. सिंकखालचं कपाट उघडा: तळाचा प्लाय फुगला आहे का, कडेची पट्टी सुटली आहे का, दारं एका रेषेत आहेत का. घरमालकाला एकच विचारा, पहिलं कोटेशन आणि शेवटचं बिल यांत किती फरक पडला?

डिझायनर फक्त ड्रॉइंग आणि देखरेख करणार की सामानासकट सगळं काम घेणार, हे आधी ठरवा. फी खर्चाच्या टक्क्यांत असेल तर खर्च वाढला की फीही वाढते. त्यापेक्षा ठरावीक रक्कम बरी. सगळं काम एकाच्याच हाती देताना 'डिझाइन फुकट' म्हटलं जातं, पण ते पैसे दरात धरलेलेच असतात.

आता कोटेशन. 'मास्टर बेडरूम वॉर्डरोब, एकरकमी' अशी ओळ असेल तर परत पाठवा. प्रत्येक वस्तूची लांबी-उंची, मोजमापाची पद्धत आणि दर हवा. वॉर्डरोब सहसा समोरच्या चौरस फुटांवर मोजतात: ६ फूट रुंद, ७ फूट उंच म्हणजे ४२ चौरस फूट. वरचा २ फुटांचा लॉफ्ट (माळा) त्यात नसेल तर आणखी १२ चौरस फूट नंतर बिलात येतात. आतले ड्रॉवर, आरसा, हँडल दरात आहेत का, तेही लिहून घ्या. किचनचा दर रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, असेल तर कोपरा दोनदा मोजला जात नाही ना, हे पाहा.

प्लायपुढे नुसतं 'चांगल्या प्रतीचा' नको. कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराच्या प्लायचं भारतीय मानक), सिंकखाली आणि बाथरूमलगत आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं), कपाटाच्या सांगाड्याला १८ मिमी, अशी नोंद हवी. माल आला की शीटवरचा आयएसआय शिक्का आणि परवाना क्रमांक तपासून फोटो काढा, कारण वर लॅमिनेट (सनमायकासारखा पातळ थर) चढल्यावर काहीच कळत नाही. लॅमिनेट १ मिमी. बिजागरी आणि ड्रॉवरच्या चॅनलची (सरकपट्टीची) कंपनी आणि मॉडेल. एसी-गीझरला ४ चौरस मिमी वायर. जीएसटी वेगळा की धरून, हेही विचारा. १० लाखांच्या कामावर १८ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार.

पैसे तारखांवर नव्हे, टप्प्यांवर द्या. सुरुवातीला १० टक्के, मग माल साइटवर आल्यावर, सांगाडे उभे राहिल्यावर, लॅमिनेट झाल्यावर. शेवटचे ५ ते १० टक्के दुरुस्त्यांची यादी संपेपर्यंत हातात ठेवा. अर्ध्याहून अधिक रक्कम आधीच गेली की सुतार दुसऱ्या साइटवर दिसू लागतो.

सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा आणि राडारोडा कोण उचलणार, हे करारात घाला. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते, पण तुम्ही तोडफोड केली की गळती त्याच्या गळ्यात घालणं अवघड होतं. बाथरूमची फरशी काढली असेल तर नवी बसवण्याआधी गळती तपासायला २४ तास पाणी भरून ठेवायला लावा.

गणपतीनंतर काम सुरू करून दिवाळीला गृहप्रवेश, हा बेत बहुधा फसतो: पावसाळी हवेत भिंती वाळत नाहीत, पॉलिशवर पांढुरकी झाक येते, आणि सणाला बरेच कारागीर गावी जातात. उशीर झाल्यास आठवड्याला किती रक्कम वजा होईल, हे करारातच लिहा. शेवटचा हप्ता देताना वायरिंग आणि पाइपांचं ड्रॉइंग, लॅमिनेटचे क्रमांक, रंगाचे कोड आणि वॉरंटी कार्डं ताब्यात घ्या.