१५ नोव्हेंबरच्या आधी हार्नेसचं बघा

मिशिगनमध्ये नवीन आलेल्यांना पहिल्याच नोव्हेंबरात एक गंमत दिसते. १५ तारखेला ऑफिसातल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या, आणि उत्तरेकडच्या काही शाळांना चक्क सुट्टी! बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. मग एखादा सहकारी म्हणतो, आमच्या जागेवर येतोस का? आपल्यातले काही जण जातात. मी तेरा वर्षं जातोय. शिकार करावी की करू नये हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. श्रावणात विषय काढायचा नाही, एवढाच तह झालाय. इथे हरणाची वाट झाडावर बसून बघतात, आणि आज सांगायचंय ते तिथून पडू नये म्हणून अंगात घालायच्या पट्ट्यांच्या साजाबद्दल, म्हणजे हार्नेसबद्दल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. हा क्रम उलटा करू नका.

आता झाडाकडे येऊ. गेल्या वर्षी नागपूरचा एक मुलगा मला म्हणाला, "काका, बुद्धपौर्णिमेला ताडोब्यात मचाणावर रात्र काढलीय, त्यात काय एवढं?" अरे बाबा, ते मचाण फळ्यांचं, ऐसपैस, दोघं मांडी घालून डबा खातील असं. इथला ट्रीस्टँड म्हणजे बुंध्याला पट्ट्याने आवळलेली लोखंडी जाळी, जेवायच्या पाटाहून थोडी मोठी, आणि तीही पंधरा-वीस फुटांवर. पहाटे पाचपासून थंडीत बसलं की डोळा लागतोच. वीस फुटांवरून जमिनीवर यायला सव्वा सेकंदही लागत नाही, आणि आपटताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो.

पण बसल्या जागेवरून पडणारे कमीच. पडतात ते जास्त करून चढता-उतरताना, शिडीवरून स्टँडवर पाय टाकताना. माझंही तेच झालं. तिसरं वर्ष. खाली यायचं म्हणून हार्नेसचा झाडाला अडकवलेला हूक सोडला आणि उतरायला लागलो. पायऱ्यांवर दव गोठलेलं. खालून सहाव्या पायरीवरून बूट सटकला, घोटा गेला, संक्रांतीला कुबड्या घेऊन तिळगूळ वाटला. अंगात हार्नेस होता, नीट बकलं लावलेला. फक्त कशालाच अडकवलेला नव्हता.

म्हणून हार्नेसच्याही आधी लाइफलाइन घ्या. स्टँडच्या वर, बसल्यावर डोक्याच्याही वर येईल अशा उंचीवर बुंध्याला बांधलेला आणि जमिनीपर्यंत सोडलेला हा दोर. त्यावर प्रुसिक गाठ असते. सह्याद्रीत दोर लावून सुळके चढलेल्यांना ती ठाऊक असेल: हाताने सरकवली की सरकते, झटका बसला की आवळते. जमिनीवर उभे असतानाच हार्नेसचा कॅराबिनर (झटकन उघडणारी-मिटणारी धातूची कडी) तिच्यात अडकवायचा, गाठ सरकवत वर जायचं, आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत तो काढायचा नाही. वर बसल्यावर हार्नेसपासून गाठीपर्यंतच्या पट्ट्यात ढील राहता कामा नये. ढील जितकी जास्त, तितका झटका मोठा.

ट्रेकवाल्यांना आणखी एक सांगणं. तुमचा क्लाइंबिंगचा सीट हार्नेस घरीच ठेवा. इथे पूर्ण अंगाचा लागतो, खांदे, छाती, मांड्या धरणारा, मागे दोन खांद्यांच्या मधून पट्टा निघणारा. कुणी गराजमधून नुसता कमरेचा किंवा छातीचा जुना पट्टा काढून दिला तर आभार मानून परत करा. त्यात लटकलात तर श्वास कोंडतो. स्टँडऐवजी 'सॅडल'मध्ये, म्हणजे झाडाला बांधलेल्या झोळीसारख्या पट्ट्यात, बसणारेही दिसतील, पण ते तंत्र वेगळं, पहिल्या वर्षी नको.

ट्रीस्टँड बनवणाऱ्यांची टीएमए नावाची संघटना आहे. तिचं प्रमाणपत्र असलेल्या स्टँडच्या खोक्यातच पूर्ण अंगाचा हार्नेस येतो. तो जीव वाचवतो, पण अंधारात, गारठलेल्या बोटांनी त्याचा गुंता सोडवता सोडवता माणूस वैतागतो आणि "आजच्या दिवस राहू दे" म्हणतो. माझं मत विचाराल तर पैसे खर्च करायचे ते यासाठी: हातमोजे घालूनही लागतील अशी बकलं आणि गुंता न होता सुटा राहणारा आकार. दुकानात जाताना नोव्हेंबरातलं जाड जॅकेट घालून जा, कारण टी-शर्टवर बसलेलं माप इथे कामाचं नाही. वजनाची मर्यादा बहुतेकांवर ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो लिहिलेली असते. त्यात कपडे, बूट, बंदूक, सगळं आलं.

जॅकेटसारखे, खिसेवाले हार्नेस मिळतात, घालायला सोपे. पण एक मेख आहे. बंदुकीच्या हंगामात नारिंगी कपडा सगळ्यात वर, चारही बाजूंनी दिसायला हवा. त्यावर असा हिरवा-करडा हार्नेस चढवलात की नारिंगी झाकलं गेलं, आणि दुसरं काही नारिंगी वर दिसत नसेल तर नियम मोडला. साध्या पट्ट्यांचा हार्नेस तिथे बरा पडतो.

विकत आणल्यावर मी घरामागच्या मेपलला जमिनीपासून फूटभर वर लटकून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला मांड्यांत मुंग्या. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "उतरवू, की फोटो काढू?" हसण्यावारी नेऊ नका. मांडीचे पट्टे रक्त अडवतात, ते पायांत साचतं आणि शुद्ध हरपू शकते. त्यासाठी पाय अडकवून उभं राहता येईल असा एक फासा हार्नेसबरोबर येतो. तो हाताला लागेल अशा खिशात हवा, पाठीवरच्या सॅकमध्ये नव्हे. फोनही तसाच. फासा नसेल तर पाय हलवत राहा, बुंध्याला रेटा देत राहा. ही तालीम एकट्याने करू नका.

बंदूक खांद्याला लावून कधीच चढायचं नाही. रिकामी करून खाली दोराला बांधायची, नळी जमिनीकडे, आणि वर बसून, अडकवून झाल्यावर ओढून घ्यायची.

सरकारी जमिनीवर जाणार असाल तर स्टँडवर नाव-पत्ता ठळक लिहा आणि झाडात खिळे-स्क्रू ठोकू नका, मनाई आहे.

हार्नेसवर तारखेचा टॅग असतो. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनी बदला म्हणतात, आणि एकदा झटका बसलेला तर त्याच दिवशी कापून टाकायचा. हिवाळा संपल्यावर गराजमध्ये खुंटीला टांगू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा. माझा दुसरा हार्नेस उंदरांनी कुरतडला होता, तोही नेमका मांडीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, जिथे वरून काही दिसत नाही. माप बघायला म्हणून सध्याचा माझा घालून बघायचा असेल तर खुशाल घरी या, जॅकेट मात्र आपलं आणा.