संशोधन करार लवकर मार्गी लावायचा असेल तर

आपली संस्था आणि संशोधनाला पैसे देणारा प्रायोजक यांच्यातला संशोधन करार रखडतो तो बहुतेकदा कलमं लिहिण्यात नव्हे. मसुदा कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतो म्हणून. त्यामुळे मसुद्याला हात लावण्याआधी प्रमुख संशोधकाकडून एका पानात माहिती घ्या: नेमकं काम, बजेट, मुदत, प्रायोजकाकडून येणारा डेटा किंवा नमुने, विद्यार्थ्यांचा सहभाग आणि याच विषयावर चालू असलेलं दुसरं अनुदान. हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. आधीच्या निधीदाराचा निष्कर्षांवर हक्क असेल, तर नव्या प्रायोजकाला ते निष्कर्ष वापरण्याचा एकमेव परवाना देता येईलच असं नाही. हे सह्यांच्या तोंडावर कळलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दोन्ही पक्षांना मान्य असलेला तयार करारनमुना असेल, तर नवा मसुदा लिहूच नका. जैविक साहित्याच्या देवाणघेवाणीसाठी १९९५ पासून यूबीएमटीए (युनिफॉर्म बायोलॉजिकल मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट) हा सामायिक करार आहे. त्यावर आधीच सही केलेल्या संस्थांना दर वेळी फक्त छोटं अंमलबजावणी पत्र पुरतं. त्याच प्रायोजकाशी वारंवार काम होत असेल, तर एकदाच मुख्य करार करा आणि पुढचा प्रत्येक प्रकल्प जोडपत्रात घाला.

सगळ्यात जास्त ताणाताणी प्रकाशनाच्या कलमावर होते. प्रायोजक लिहितो, ‘लेखी परवानगीशिवाय प्रकाशन करता येणार नाही.’ हे मान्य करू नका. विद्यार्थ्याचा प्रबंध त्यात अडकतो. पण नुसतं खोडूनही भागत नाही, कारण पेटंट अर्जाआधी शोध छापला गेला तर अनेक देशांत पेटंटच हातचं जातं, आणि प्रायोजकाची ही भीती रास्त आहे. त्याऐवजी असं सुचवा: हस्तलिखित ३० दिवस आधी दाखवू, पेटंट अर्ज करायचा असेल तर आणखी ६० दिवस थांबू, मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती समजू.

बौद्धिक संपदा, नुकसानभरपाई, गोपनीयता यांसाठीही आपला पहिला पर्याय, चालेल असा पर्याय आणि जिथे थांबायचं ती हद्द आधीच लिहून वरिष्ठांकडून मंजूर करून घ्या. कोणत्या देशाचा कायदा लागू, यावर घोडं अडलं तर ते कलमच वगळा. अनेक विद्यापीठं तसं करतात.

कायदा, वित्त आणि नैतिकता समिती यांच्याकडे कागद एकाच वेळी पाठवा. सगळ्यांचे शेरे एकत्र करूनच मसुदा परत करा आणि प्रत्येक बदलाशेजारी एका ओळीत कारण द्या. दुसऱ्या फेरीनंतरही मुद्दे उरले तर ईमेल थांबवा आणि निर्णयाचा अधिकार असलेल्या दोघांना कॉलवर आणा. सही कोण करणार, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारा. प्रमुख संशोधकाला बहुतेक संस्थांत तो अधिकार नसतो.