मित्रांनी मिळून जुन्या गाण्याचं कव्हर करताय? मग या चुका टाळा

एकजण पुण्यात गिटार घेऊन, दुसरा ठाण्यात तबल्यावर, गाणारी न्यू जर्सीत, आणि सगळ्यांच्या आवडीचं एक जुनं गाणं, जे आपल्या पद्धतीने पुन्हा गायचं-वाजवायचं, म्हणजेच कव्हर. उत्साह एवढा की पहिल्याच रात्री प्रत्येकजण मोबाईलवर काहीतरी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकून मोकळा होतो, आणि मग ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो बिचारा ते सगळं एकमेकांवर ठेवून बघतो तर काहीच जुळत नाही. यात वाजवणाऱ्यांचा दोष क्वचितच असतो, आधी जे ठरवायला हवं होतं ते कुणी ठरवलेलंच नसतं.

उदाहरण म्हणून अमेरिकन गायक बेन ई. किंगचं 1961 चं 'स्टँड बाय मी' घेऊ, कारण हे गाणं भल्याभल्यांना सोपं वाटतं. ए, एफ शार्प मायनर, डी, ई, याच चार कॉर्ड्स शेवटपर्यंत फिरत राहतात. शिवाय 'प्लेइंग फॉर चेंज'चा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो, जगभरातले रस्त्यावरचे कलाकार मिळून हेच गाणं गातात तो, आणि वाटतं की आपणही असंच करू. पण तिथे सुरुवातीला सँटा मोनिकाच्या रस्त्यावर गाणारा रॉजर रिडली रेकॉर्ड झाला आणि बाकीच्यांनी आपापल्या गावात हेडफोन लावून त्या रेकॉर्डिंगवर गायलं-वाजवलं. म्हणजे पाया एकच होता! व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न तर करूच नका, आवाज पोचायला जो उशीर लागतो त्यात ताल बसणं शक्यच नाही.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाईड ट्रॅक न बनवणं. एकाने क्लिक (ताल धरून ठेवणारी टिकटिक) लावून साधी गिटार आणि कच्चा आवाज रेकॉर्ड करायचा, सुरुवातीला दोन बार (तालाची दोन आवर्तनं) नुसती मोजणी ठेवायची, आणि तीच फाईल सगळ्यांना द्यायची. साखळी करू नका, म्हणजे अ वर ब, ब वर क असं नाही, प्रत्येकाने त्या एकाच गाईडवर वाजवायचं. आणि फाईल परत पाठवताना शून्य सेकंदापासून एक्स्पोर्ट करायची, तुमचा पीस तिसऱ्या मिनिटाला असला तरी आधीची शांतता तशीच ठेवून, म्हणजे जोडणाऱ्याला जागा शोधत बसावं लागत नाही.

ब्लूटूथ हेडफोन. हा एक मुद्दा कितीही वेळा सांगितला तरी कोणीतरी तेच लावून बसतो. त्यात आवाज कानापर्यंत यायला सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात, आणि 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे तुम्ही ठोक्याच्या वीस ते चाळीस टक्के मागे पडताय आणि तुम्हाला वाटतंय मी तर अगदी तालात आहे. वायरवाले हेडफोन लावा. स्पीकरवर गाईड लावून गायचं तर अजिबात नाही, क्लिकची टिकटिक तुमच्या आवाजात कायमची बसते.

आता स्वर. मूळ गाणं ए मेजरमधे, आपल्या भाषेत पांढरी सहा. पुरुषाला बरं पडतं, पण बाईला बऱ्याचदा ते खूप खाली जातं किंवा मग सप्तक चढवलं की वर ताणतं. मग कोणीतरी उशिरा म्हणतं, अरे आपण पट्टी बदलूया का? तोपर्यंत तबल्याचं रेकॉर्डिंग झालेलं असतं! गिटारवाला कॅपो (तारा दाबून पट्टी वर नेणारी क्लिप) लावेल, कीबोर्डवाला एक बटण दाबेल, पण तबला एका स्वरात लावलेला असतो आणि फार वर-खाली नेता येत नाही, दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) शोधावा लागतो. म्हणून आधी गाणाऱ्यांना बसवा, पट्टी नक्की करा, मगच बाकीच्यांना सांगा. घरातली जुनी पेटी असेल तर अजून एक गोची असते, ती बऱ्याचदा 440 हर्ट्झला, म्हणजे आजच्या प्रमाण सुराला, लावलेली नसतेच. ट्यूनर अॅपवर तिचा एक सूर दाबून धरा आणि काटा किती सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते बघा. पेटी वळणार नाही, गिटारनेच वळायचं, आणि गाईड ट्रॅकही त्याच स्वरात करायचा.

नव्याने मांडायचं म्हणजे सगळंच बदलायचं हाही गैरसमज आहे. इंग्लिश गायक जो कॉकरने 1968 मधे बीटल्सचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' घेतलं तेव्हा शब्द ओळखू येतील असेच ठेवले आणि चाल संथ करून तालच बदलला, चाराऐवजी सहाच्या चालीत. आपल्याला आठ मात्रांच्या केहरव्यातून सहा मात्रांच्या दादऱ्यात जाणं काही नवीन नाही, हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. पण 'स्टँड बाय मी'ची ओळख आहे सुरुवातीच्या बेसमधे, तो काढून टाकलात आणि तालही बदललात तर ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही. माझ्या मते एक मोठी गोष्ट बदला आणि एक मोठी गोष्ट तशीच ठेवा. आणि सहाजणांनी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वाजवलंच पाहिजे असं नाही हो, मूळ रेकॉर्डिंगमधेही स्ट्रिंग्ज नंतरच येतात. कोण कुठे येणार आणि कुठे गप्प बसणार हे कागदावर लिहून ग्रुपवर टाका, रुसवेफुगवे तिथेच मिटवा.

सगळं करूनही गाणं शेवटी सुटत चाललंय असं वाटलं तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) बघा. एकाने 48 किलोहर्ट्झवर केलं आणि सॉफ्टवेअरने ते 44.1 समजून वाजवलं तर फाईल जवळजवळ 9 टक्के लांबते आणि सूर दीड सेमीटोनच्या आसपास खाली येतो. सूर ठीक आहे पण व्हिडिओत ओठ हळूहळू मागे पडतायत, तर बऱ्याचदा मोबाईलचा बदलता फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कारण असतो, व्हिडिओ आधी ठराविक फ्रेम रेटमधे बदलून घ्या. आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, जुळवणारा दुवा देईल. फाईल व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर टाका, आणि इको-रिव्हर्ब न लावता कोरी द्या.

हक्कांचं शेवटी आठवतं सगळ्यांना. नेटवरचा कराओके वापरला तर ते रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाचं तरी असतं, गाणं तुम्ही स्वतः गायलं तरी. भारताच्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 31सी मधे कव्हरसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि शब्द-चालीत मालकाच्या संमतीशिवाय तांत्रिक गरजेपलीकडचे बदल चालत नाहीत. म्हणजे मधे एक मराठी कडवं घालायचा मोह झाला तर परवानगी वेगळी. यूट्यूबवर कॉन्टेंट आयडीचा (हक्काचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) क्लेम आला तर घाबरू नका, तो स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरची कारवाई, नाही, बऱ्याचदा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात एवढंच, पण कधी व्हिडिओ ब्लॉकही होतो. म्हणून कोणाच्या चॅनेलवर टाकायचं आणि नावं कोणत्या क्रमाने लिहायची हे अपलोडच्या आदल्या रात्री नाही, गाईड ट्रॅक पाठवतानाच ठरवा.