ऑल व्हील ड्राइव्ह फॅमिली गाडी घ्याची आहे? पहिले पांदण पाहा, मंग शोरूम

भाऊ, पहिले एक सांगा, गाडी खरंच फसते कुठं? घर गावात आहे, दारासमोर सिमेंट रोड आहे आन् शेतात जायले मोटरसायकल आहेच, असं असन तं ऑल व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकायले देणाऱ्या गाडीच्या नादी लागू नका, साधी गाडी घ्या आन् उरलेल्या पैशात चांगले टायर टाका. पण घरच शेतात असन, पावसाळ्यात पांदणीनं पोरायले शाळेत सोडा लागत असन, नाहीतर भामरागड, धारणीकडं नोकरी असन, तं मंग घ्याले अर्थ आहे.

आता शोरूमवाला फोर बाय फोर आन् ऑल व्हील ड्राइव्ह एकाच तोंडानं सांगते, पण फरक मोठा आहे. जिम्नी, थार, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर यायले लो रेंज गिअर (कमी स्पीडले जास्त जोर देणारा) असते, चिखलातून, दगडातून त्या हळूहळू जोर लावून निघतात. पण जिम्नीत माणसं बसतात चारच, आन् बाकीच्या दोन वजनदार, म्हणजे तेल जास्त पितात. घरच्या वापराले ग्रँड विटारा, हायरायडर, व्हिक्टोरिस यायच्यात जी सिस्टीम येते ते बरी. चांगल्या रस्त्यावर पुढचीच चाकं गाडी ओढतात, घसरलं का मागच्या चाकायले जोर जाते, म्हणून पेट्रोल वाचते. त्याच्यात लॉक मोड असते, म्हणजे घसरायची वाट न पाहता मागच्या चाकायलेही जोर जाते, चिखल दिसला का आत घुसायच्या आधीच ते लावजा, फसल्यावर नाही. डिझेलच पाहिजे आन् बजेट असन तं एक्सयूव्ही ७०० मध्ये ऑल व्हील ड्राइव्ह येत होती, पण डिझेल ऑटोमॅटिकच्या वरच्या मॉडेलमध्येच, आता कोणत्या मॉडेलमध्ये येते ते शोरूममध्ये विचारजा.

मायलेजमध्ये लोक इथंच फसतात. जाहिरातीत लिटरले २७.९७ किलोमीटरचा आकडा दिसते, तो ग्रँड विटारा अन् हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेल्या मॉडेलचा), आन् ते हायब्रिड फक्त पुढच्या चाकावर चालते. या गाड्यायत दोन्ही गोष्टी एका मॉडेलमध्ये भेटत नाहीत, तेव्हा सेल्समनले स्पष्ट विचारजा का ऑल व्हील ड्राइव्हवाल्या मॉडेलचा आकडा किती. २०२२ मध्ये ग्रँड विटारा आली तेव्हा मॅन्युअलमध्ये साध्या मॉडेलचा २१.११ होता आन् ऑल व्हीलचा १९.३८. वर्षाले १२ हजार किलोमीटर धरले तं जवळपास ५० लिटर पेट्रोल जास्त लागते, म्हणजे १०५ रुपये लिटरनं सव्वापाच हजार. एवढं काही घर बुडत नाही, खरा फटका गाडीच्या किमतीतच बसते, कारण ऑल व्हील बहुतेक वरच्याच मॉडेलमध्ये देतात. आन् हे आकडे कंपनीच्या टेस्टचे आहेत, समृद्धीवर १२० नं हाणली तं विसरा. खरं मायलेज पाह्याचं असन तं टाकी फुल करा, तीन-चारशे किलोमीटर फिरा, त्याच पंपावर परत फुल करा आन् भागाकार करा, डॅशबोर्डवरचा आकडा बरेचदा जरा गोडच असते.

आता काळ्या मातीचं. आपली माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचीत भरते आन् टायर पुरणपोळीच्या पोळपाटासारखा गुळगुळीत होते. मंग चार चाकं फिरली काय आन् दोन फिरली काय, गाडी जाग्यावरच खड्डा करते. म्हणून टायर गाडीइतकाच महत्त्वाचा. रुंद खाचीचा ऑल टेरेन टायर चिखल लवकर फेकते, पण तो डांबरी रोडवर आवाज करते आन् मायलेजही थोडं खाते, म्हणून रोज चिखल असन तरच टाकजा. दुसरं म्हणजे पांदणीतल्या बैलबंडीच्या चाकोऱ्या. मधातला उंचवटा खाली घासते, गाडीचं पोट टेकलं का चारही चाकं बेकार. ग्रँड विटाराचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, २१० मिलिमीटर आहे, पण पाच माणसं बसली आन् डिक्कीत तुरीचं पोतं पडलं का मागून गाडी बसते, म्हणून टेस्ट ड्राइव्हले सगळ्या घराले घेऊन जा, बुढ्यालेही. त्यांना चढता-उतरता येते का, हेही तेव्हाच समजन.

एक मात्र डोक्यात फिट करून ठेवा, ऑल व्हीलनं ब्रेक लवकर लागत नाही, आन् पुलावरून पाणी चाललं असन तं हे सिस्टीम काहीच कामाचं नाही. गाडी तरंगली का चाकं कितीही असो.

बजेट कमी असन तं जुनी डिझेल डस्टर ऑल व्हील पाहा, २०२० मध्ये बीएस ६ हे धुराचे नवे नियम आले तेव्हा तिचं डिझेल मॉडेल बंद झालं, पण सेकंडहँडमध्ये अजून भेटते. पाहताना पहिले चारही टायर पाहजा, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारखेच घासलेले पाहिजेत, कारण एक नवा आन् तीन जुने असले का चाकं कमीजास्त फिरतात आन् मागच्या कपलिंगवर (मागच्या चाकायले जोर पोचवणाऱ्या भागावर) ताण येते. मंग मोकळ्या मैदानात लॉक बंद ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवा आन् हळू गोल फिरवा, टकटक आला तं मेकॅनिकले दाखवल्याशिवाय बयाना देऊ नका. शेवटी गाडी कच्च्या रोडवर नेऊन लॉक लावा आन् एखाद्याले बाहेर उभं करून पाह्याले सांगा का मागची चाकं खरंच माती फेकतात का.