आधी पेटी बघा, मग कोल्ट

मी मूळचा टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसला, पुढे बर्मिंगहॅमला आलो आणि इथेच निवृत्त झालो. टोपीवर, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर चालणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरांचा नाद इथला. ओळखीची पोरं विचारतात, "काका, पेटीसकट एखादं छोटं कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, काय बघू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: रिव्हॉल्व्हर उचलून बाजूला ठेव आणि रिकामी पेटी बघ.

कारण सरळ आहे. सुट्या रिव्हॉल्व्हरला एक भाव मिळतो, पेटीतल्याला त्याहून बराच जास्त. मग कोणीतरी जुनी लिहायची पेटी घेतो, आत नवे कप्पे ठोकतो, कापड डकवतो आणि इकडून-तिकडून जमवलेली अवजारं मांडतो. लोखंड अस्सल, लाकूडही जुनं, पण दोघांची ओळख गेल्या महिन्यातली.

सुरुवात १८४९ च्या पॉकेट कोल्टपासून करा. ०.३१ इंच कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप), बहुतेकांच्या सिलिंडरमध्ये गोळ्यांची पाच घरं, नळी ३ ते ६ इंच. अमेरिकेत हार्टफर्डला ही ३ लाखांहून जास्त बनली, त्यामुळे आजही मिळतात. लंडनमध्ये थेम्सकाठी पिम्लिकोला कोल्टचा कारखाना १८५३ मध्ये सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत बंद पडला. तिथली साधारण ११ हजार. मी लंडनचीच घ्यायला सांगतो. त्यांची क्रमांकमालिका वेगळी आहे आणि पेट्यांची धाटणी ठरलेली, म्हणजे ताळा जुळवायला सोपं. ॲडम्स आणि ट्रँटर हे इंग्रज भाऊबंदही देखणे आहेत, पण ते नंतर.

लंडनची पेटी म्हणजे बहुधा महोगनी किंवा ओक, आत हिरवं लोकरी कापड, सरळ भिंतींचे कप्पे आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला, भरायच्या-पुसायच्या सूचनांचा कागद. अमेरिकन पेटीत मखमल जास्त दिसते. सगळं सामान काढा, पेटी खिडकीशी न्या आणि उजेड तिरका पडू द्या. दीडशे वर्षं एकाच जागी पडलेल्या वस्तूचा कापडावर ठसा उमटतो: सिलिंडरचा फुगवटा, घोड्याचं टोक, नळीच्या तोंडाशी तेलाचा डाग. हा ठसा याच रिव्हॉल्व्हरचा आहे का, ते ठेवून बघा. ४ इंची नळी आणि डाग ६ इंचांवर असेल तर नमस्कार करून निघा. ठसाच नसेल तर कापड नवं. कप्प्यांच्या भिंती हलवल्या असतील तर तळाशी जुन्या सरसाची दुसरी रेघ दिसते. खिशात अतिनील टॉर्च ठेवा. आजकालचा कागद आणि कापड त्यात निळसर-पांढरं चमकतं, जुनं सहसा चमकत नाही.

सामानात बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, निपल (टोपी बसवायची नळकांडी) काढायचं एल आकाराचं पान्हा-पेचकस, इली कंपनीच्या टोप्यांचा डबा, किल्ली. साच्यात दोन खळगे असतात, एक गोल गोळीचा, एक निमुळत्या गोळीचा. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजा; ०.३६ च्या नेव्ही कोल्टचा साचा इथे सर्रास खपवतात. कुप्यांच्या नकला भरपूर आहेत, त्यांचं नक्षीकाम साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत वाटतं. सगळंच सामान एकसारखं चकचकीत असेल तर मला शंका येते.

आता लोखंड. हात लावण्याआधी ते भरलेलं नाही ना, हे बघा. जुनी रिव्हॉल्व्हरं खरोखर भरलेली सापडतात. विकणाऱ्याकडूनच घोडा अर्धा चढवून घ्या म्हणजे सिलिंडर मोकळं फिरतं. निपलवर टोपी नको आणि प्रत्येक घर तळापर्यंत रिकामं हवं. शंका आली तर तिथेच थांबा आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्याला बोलवा.

क्रमांक नळीवर, फ्रेमवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर, सिलिंडरवर आणि नळी धरून ठेवणाऱ्या पाचरीवरही असतो. पाचर सगळ्यात आधी हरवते, म्हणून तिच्यावरचा जुळणारा क्रमांक मला फार आवडतो. नळीवर 'कर्नल कोल्ट, लंडन' असा पत्ता हवा. नळीच्या चाचणीनंतर मारलेल्या नुसत्या इंग्रजी परीक्षण-शिक्क्यांवर जाऊ नका, आयात केलेल्या हार्टफर्डच्या मालावरही ते मारत. सिलिंडरवर घोडागाडी लुटण्याचं चित्र आहे, ऑर्म्सबी नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याने कोरलेलं. ते एकेका सिलिंडरवर हाताने कोरलेलं नसून पोलादी साच्याखाली दाबून फिरवलेलं आहे, त्यामुळे सगळ्या रेषा सारख्या दाबाच्या. झिजलेलं चित्र कोणी पुन्हा कोरलं असेल तर कोरणीचा थरकाप भिंगातून दिसतो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी चुकीचा पेचकस चालवलाय. निपलभोवतीचे खड्डे टोप्यांच्या क्षारांचे; थोडे चालतात.

लिलावात हातोडी पडते त्या रकमेवर प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं कमिशन, आणि त्या कमिशनवर व्हॅट लागतो. तो धरूनच वरची मर्यादा कागदावर लिहून न्या.

घरी आणल्यावर पॉलिश करू नका. उरलेला निळा रंग गेला की किंमत गेली. सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात पुरे. ओकच्या पेटीत शिशाच्या गोळ्या असतील तर त्यांवर पांढरी भुकटी धरते, लाकडातल्या आम्लामुळे. ती विषारी आहे, फुंकू नका. गोळ्या वेगळ्या डबीत ठेवा.

कायद्याचं: ब्रिटनमध्ये असं शस्त्र शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येतं, पण झाडायचं असेल तर परवाना लागतो. भारतात गोष्ट वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या जुन्या शस्त्रालाच आहे, आणि चांगलं कोल्ट आजही झाडता येतं. त्यामुळे गावी दाखवायला म्हणून बॅगेत टाकायचा विचारही नको. फोटो पाठवा, क्रमांक आणि पेटीतल्या ठशांसकट. तेच फोटो पावतीबरोबर घरच्यांना सापडतील असे ठेवा.