‘ड्राइव्हवर आहे ना!’ म्हणण्याआधी: सिंक आणि शेअरिंगमधल्या या चुका टाळा

मार्चअखेरीला आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांचा फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणून कुरकुरायला लागला. काकांनी गूगल ड्राइव्हचं ॲप उघडलं, व्हाउचरच्या स्कॅनचं फोल्डर दिसलं, आणि ‘सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर आहेच की’ म्हणून ते उडवलं. फोनमध्ये काडीची जागा झाली नाही. नऊ दिवसांनी ऑडिटरनं व्हाउचर मागितली, तेव्हा माझ्या, म्हणजे सेक्रेटरीच्या, लॅपटॉपवरूनही फोल्डर गायब!

बिघाड कुठेच नव्हता. सिंकनं आपलं काम चोख बजावलं होतं.

सिंक म्हणजे बॅकअप, हा समज पहिला डोक्यातून काढा. सिंक म्हणजे एकच वही चौघांनी चार ठिकाणांहून उघडलेली. एकानं पान फाडलं की चौघांचंही गेलं. शिवाय ॲपमध्ये दिसणाऱ्या फाइली बहुतेक वेळा फोनमध्ये नसतातच, त्या सर्व्हरवर असतात. म्हणून त्या उडवून फोन रिकामा होत नाही. फोटोंचंही तेच. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलं तर बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रतच जाते, पण फोटो निवडून डिलीट केला तर तो सगळीकडून जातो. मी तरी घरातल्या ज्येष्ठांना हा फरक त्यांच्याच फोनवर दोनदा करून दाखवतो.

काकांचं फोल्डर परत मिळालं, कारण गूगल ड्राइव्ह डिलीट केलेली फाइल ३० दिवस ‘बिन’मध्ये ठेवतं. मे महिन्यात आठवण झाली असती तर हात चोळत बसलो असतो. तेव्हा काही हरवलं की आधी ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडा, ‘बिन’ बघा, ‘रिस्टोअर’ दाबा. फाइल आहे पण आतला मजकूर बिघडलाय, तर जुनी आवृत्ती शोधा: पीडीएफ, वर्ड, एक्सेलसारख्या फाइलींच्या मागच्या आवृत्त्याही साधारण ३० दिवस राहतात. आणि खरा बॅकअप हवा असेल तर महिन्यातून एकदा सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून ती काढून कपाटात ठेवा. सतत लावून ठेवलेली डिस्क व्हायरस आला की लॅपटॉपबरोबरच जाते.

एक खातं, पाच माणसं

त्या प्रकरणात आमची दुसरी चूकही उघडी पडली. कमिटीतले पाचही जण एकाच खात्यानं, एकाच पासवर्डनं आत जायचो. त्यामुळे कुणी काय उडवलं याचा पत्ता लागत नाही, आणि ज्याला फक्त बघायचंय त्याच्याही हातात कात्री असते. आता ज्यानं त्यानं आपापल्या खात्यातून यायचं. हिशेब लिहिणाऱ्यांना ‘एडिटर’, बाकीच्यांना ‘व्ह्यूअर’. कमिटी पाच वर्षांनी बदलते, तेव्हा चाव्यांबरोबर फाइलींची मालकीही नव्या माणसाकडे द्या. त्यानं ती स्वीकारल्याशिवाय बदल होत नाही. जुन्या सेक्रेटरींचं खातं तसंच पडून राहिलं तर पंचाईत. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करून टाकू शकतं.

लिंक ग्रुपवर टाकण्याआधी

‘ॲक्सेस मिळत नाही’ असे दोन मेसेज आले की माणूस कंटाळून ‘एनीवन विथ द लिंक’ करून टाकतो. मीही केलंय. मग ती लिंक व्हॉट्सॲपवरून कुठे कुठे जाते याला धरबंध नाही. त्याहून फसवं म्हणजे फोल्डरची लिंक. आज त्यात फक्त सभेची नोटीस असते. दोन महिन्यांनी तुम्ही त्याच फोल्डरमध्ये भाडेकरूंची आधार कार्डं टाकता, आणि जुनी लिंक असलेल्या प्रत्येकाला तीही दिसतात. सार्वजनिक कागदांचं फोल्डर वेगळंच ठेवा. काम झालं की लिंक पुन्हा ‘रिस्ट्रिक्टेड’ करा.

फाइल पोचतच नाही?

घाईत आपण लॅपटॉप लगेच मिटतो, अपलोड अर्धवट राहतं. फाइल खरंच वर गेली का, हे ब्राउझरमधून बघा. तिथे नसेल तर ती कुठेच गेलेली नाही. मग जागा तपासा. गूगलची मोफत १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज यांच्यात वाटलेली असते, आणि ती भरली की मेल येणंही थांबतं. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २. फोनवर ‘फक्त वायफायवर’ हा पर्याय किंवा बॅटरी सेव्हर चालू असेल तरी गाडी अडते.

कधी नावातच गोम असते. मॅकवर ‘७/१२ उतारा’ असं नाव देता येतं; विंडोज आणि वनड्राइव्हला मात्र ती तिरकी रेघ चालत नाही. सरळ ‘सातबारा’ लिहा.

एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या, एकीवर ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं काही लिहिलेलं, तर दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली आहे. लगेच कुठलीही उडवू नका. दोन्ही शेजारी उघडा, राहिलेल्या नोंदी एकीत उतरवा, मग दुसरी काढा.

आणि खास आपल्याकडची तक्रार: ‘तुम्ही पाठवलेली नोटीस उघडली, पण सगळं अगम्य दिसतंय.’ फाइल धड असते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते, आणि समोरच्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसल्यामुळे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. अशी फाइल वाचायला देताना पीडीएफ करून द्या. तिच्यात पुढे बदल व्हायचे असतील तर मजकूर एकदाच युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत) आणा, म्हणजे ड्राइव्हच्या शोधात ‘देखभाल शुल्क’ टाकल्यावर ती सापडेलही.